साठ फुटांचं स्मरणचित्र

रुमाना सय्यदने आयुष्यात एकदाच माणसावर हात उचलला, आणि ज्याच्यावर उचलला त्याने काहीच केलं नव्हतं. हे ती स्वतः सांगते. कुणी त्या चित्राची चौकशी करायला आलं की आधी हे सांगते, मग चित्राचं बोलते. मी तिच्याच शाळेत मराठी शिकवायचे. अठरा वर्षं आमचे वर्ग एकमेकांना लागून होते. तिला झाकायचं किंवा सजवायचं मला काही कारण नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

रुमानाचे वडील अब्दुलभाई नगरच्या जुन्या बाजारात रंगारी होते. साड्या, चादरी, फेटे रंगवून द्यायचे. तांब्याच्या हंड्यांत रंग उकळायचा आणि ही पोर त्या वाफेत वाढली. एकाच लाल रंगाच्या सात छटा ती सातव्या वर्षी नावानिशी सांगायची. पुढे तिने कलाशिक्षकाचा डिप्लोमा केला. बाविसाव्या वर्षी श्रीरामपुरात लग्न झालं. नवरा मारायचा, आणि हाताने मारून त्याचं समाधान व्हायचं नाही. दाराच्या फटीत तिचा हात धरून तो दार लावायचा. अकराव्या महिन्यात अब्दुलभाई टेम्पो घेऊन गेले आणि लेकीला सामानासकट उचलून आणलं. उजव्या हाताची दोन बोटं तिला अजूनही सरळ करता येत नाहीत. त्याच हाताने तिने सावेडीतल्या आमच्या शाळेत पंचवीस वर्षं मुलांना चित्रं काढायला शिकवलं.

पंकजा आमच्याकडे पीटीची बाई म्हणून आली. शेवगावकडच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी, राज्य पातळीवर खो-खो खेळलेली. लग्न करायचं नाही हे तिने घरच्यांना एकदाच सांगितलं होतं. एकदा एका विद्यार्थ्याचा बाप दारू पिऊन शाळेत आला आणि मार्कांवरून त्याने रुमानाचा तोच दुखरा हात पकडला. पंकजाने मागून येऊन त्याची कॉलर धरली आणि मैदानाच्या या टोकापासून फाटकापर्यंत त्याला फरफटत नेलं. तो रडत होता, सोड म्हणत होता. फाटक येईपर्यंत तिने सोडलं नाही. त्या दिवशी दोघींनी पहिल्यांदा एकत्र डबा खाल्ला.

दोन वर्षांनी दोघींनी मिळून सावेडीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि एकवीस वर्षं एकत्र राहिल्या. लोक ‘त्या दोघी’ म्हणायचे. त्या एकमेकींच्या कोण होत्या हे मी कधी विचारलं नाही. पुढे एकदा तपासात कुणीतरी विचारलं तेव्हा रुमाना म्हणाली, “ती माझी होती.” तेवढंच लिहून घेतलं गेलं. पंकजा पहाटे उठून धावून यायची आणि स्वयंपाकघरात भांडी आपटायची. रुमाना खिडकीशी बसून जलरंगात फुलं काढायची. पाव शीटच्या वर तिने कधी कागद घेतला नाही. पंकजा चिडवायची, “एवढूसं काय काढतीस? जरा लांब हात मारून काढ की.”

जुलै २०२३ मधली गोष्ट. सकाळी सहाला दोघी स्कूटरवरून मैदानाकडे निघाल्या होत्या. पंकजा चालवत होती, रुमाना मागे. पाइपलाइन रोडला मागून मोटरसायकलवर दोघं आले. मागच्याने पंकजाच्या गळ्यातली चेन धरून ओढली. ती चेन तिच्या आईची. दुसरी कुणी असती तर चेन गेली असती आणि बाई वाचली असती. पंकजाने एका हाताने हँडल सोडलं आणि त्याचा शर्ट छातीशी मुठीत धरला. दोन्ही गाड्या पडल्या. रुमाना दुभाजकावर आपटली. पंकजा डांबरावर गुडघे घासत त्याच्याबरोबर गेली, पण मूठ सुटली नाही. तेव्हा त्याने खिशातला पेचकस काढला आणि तिच्या मानेत मारला. एकदा मारून मूठ सुटली नाही, म्हणून पुन्हा मारला. तिसऱ्यांदा सुटली.

रुमाना रांगत तिथवर पोचली तेव्हा मोटरसायकल निघून गेली होती. तिने ओढणीचा बोळा मानेवर दाबून धरला. रक्त बोटांच्या फटींतून येतच राहिलं. रिक्षा थांबवायला तिला हात सोडता येईना आणि हात न सोडता काही करता येईना. दूधवाला थांबला तोवर पंकजा गेली होती. तिच्या मुठीत शर्टाचं एक बटण होतं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा रुमानाला चेहरा सांगता आला नाही, हेल्मेट होतं. रंग मात्र तिने सांगितला. शर्ट कत्थी होता. तपकिरी म्हणू का, असं हवालदाराने विचारलं तेव्हा ती चिडली. तपकिरी नव्हे, कत्थी. पानाला लावायचा कात भिजवल्यावर होतो तो.

आठव्या दिवशी सावेडीत आणखी एका बाईची चेन ओढली गेल्याची आवई उठली. गल्लीच्या तोंडाशी लोकांनी एका मोटरसायकलवाल्याला अडवलं. सव्वीस वर्षांचा मुलगा, अंगावर तसल्याच रंगाचा शर्ट, घाबरून गाडी वळवायला गेला म्हणून संशय आणखी वाढला. खाली दोघांनी त्याचे हात मागे धरले आणि कुणीतरी वर पळत येऊन बेल वाजवली. रुमाना पायऱ्या उतरून आली. सात दिवस ती झोपली नव्हती.

“बाई, हाच का?”

तिने शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हाच.”

पुढचं सगळं एकाच्या मोबाईलमध्ये आहे. मी ते एकदा पाहिलं, पुन्हा पाहणार नाही. लाथा, बेल्ट, कुणाचं तरी हेल्मेट. मुलगा ‘कंपनीतून येतोय, कंपनीतून येतोय’ म्हणत खाली पडला. शेजारच्या इमारतीत प्लंबिंगचं काम चालू होतं, तिथला लोखंडी पाइप हातोहात पुढे आला आणि रुमानाच्या हातात पडला. आपण तीनदा मारलं असं तिला आठवायचं. व्हिडिओत सात वेळा आहे. पहिले फटके खांद्यावर, मग हातावर. पाचवा डोळ्यावर बसला. त्यानंतरही दोन. त्यात तिचा आवाज ऐकू येतो, शब्द नाहीत, नुसता आवाज. शेवटी बायकांनीच तिला मागे ओढलं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ ‘सावेडीची वाघीण’ म्हणून सगळ्या नगरभर फिरला. शेवगावहून पंकजाचा भाऊ बिभीषण आला. शेती आणि कापसाचा व्यवहार करणारा, बहिणीशी वर्षानुवर्षं न बोललेला माणूस. त्याने रुमानाच्या पायांना हात लावला. म्हणाला, “ताई, आमी भाऊ असून बसून राह्यलो. तुमी हात तरी उचलला.”

मुलाचं नाव करण. केडगावला आईबरोबर राहायचा, एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. पंकजा मेली त्या पहाटे तो भट्टीवर होता. हजेरी होती, कॅमेऱ्यात दिसत होता. पोलिसांना हे तिसऱ्या दिवशी कळलं. महिन्याभराने खरे दोघे दुसऱ्या जिल्ह्यात पकडले गेले. एकाकडे चेनचा तुकडा सापडला, आणि त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं होतं. तोवर करणचा डावा डोळा डॉक्टरांनी काढून टाकला होता.

रुमानाला हे कळलं तेव्हा मी तिच्या घरी होते. ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. बाहेर आली तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. घासणीने घासला होता तिने. दुसऱ्या दिवशी ती एकटीच केडगावला गेली.

दार करणच्या आईने उघडलं. बनुबाई. व्हिडिओमुळे तिने चेहरा लगेच ओळखला. काही न विचारता तिने रुमानाच्या थोबाडीत मारली. मग दुसरी, मग तिसरी. चष्मा पडून फुटला. रुमाना उंबऱ्याबाहेर हात खाली सोडून उभी राहिली. बनुबाईने केस धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, तेव्हा आतून पट्टी बांधलेला करण म्हणाला, “आई, बास.” बनुबाई थांबली ती रडायला. रुमानाने एवढंच सांगितलं की मी कोर्टात खरं बोलणार आहे. आणि कपाळावर रुमाल धरून बसने परत आली.

शाळेने तिला निलंबित केलं. गुन्हा बारा जणांवर दाखल झाला होता. बाकीच्या अकरांचं एकच म्हणणं होतं: गर्दीत कुणी कुणाला मारलं सांगता येत नाही. तिनेही तेच म्हणावं असं त्यांनी आधी समजावलं, मग धमकावलं. एका दुपारी तिच्या खिडकीच्या काचा फुटल्या. बिभीषणला कळल्यावर तो तिला गावी घेऊन गेला. पुढच्या वर्षीचा एप्रिल होता, कापूस विकून झाला होता, त्याची पत्र्याची लांबलचक शेड रिकामी पडली होती. शेजारच्या खोलीत ती राहिली.

तिथे तिने पंकजाचं चित्र काढायला घेतलं. चित्रकलेच्या परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय देतात, मुलांनी डोळ्यांसमोर आणून काढायचं. माणसं हवीत, मापात हवीत, हालचाल हवी. हे तिने हजारो मुलांना शिकवलं होतं. आणि तिला पंकजाचा चेहरा येईना. कपाळ, नाक काढून ती डाव्या डोळ्याशी आली की तो डोळा फुटलेला यायचा. कागदावर करण यायचा. पंधरा दिवस तिने कागद फाडले. एका दुपारी तिने पेन्सिलींचा डबाच भिंतीवर फेकला आणि बिभीषणला म्हणाली, मला मांजरपाट हवा, भरपूर. किती, तर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

गावातल्या शिंप्याने पट्टे जोडून दिले. साठ फूट लांब, पंधरा फूट उंच. तिने बापाचं काम पुन्हा सुरू केलं. हंडे मांडले, चुली पेटवल्या. सगळं कापड हिरड्याच्या पाण्यातून काढलं, ते पिवळट झालं. गंजलेलं लोखंड आणि गूळ मडक्यांत कुजवून काळं पाणी तयार केलं. मंजिष्ठेची मुळं उकळून लाल रंग केला. शेडच्या लांब भिंतीवर कापड खिळ्यांनी ठोकलं आणि काथ्याचा जाड दोर त्या लोखंडाच्या पाण्यात बुडवून कापडावर मारायला लागली.

हिरडा दिलेल्या कापडावर लोखंडाचं पाणी पडलं की आधी फारसं काही दिसत नाही. बघता बघता तो वळ राखाडी होतो, मग काळा. ती मारायची आणि वळ उठायची वाट बघत उभी राहायची. मग पुन्हा मारायची. बाहेर बेचाळीस अंश ऊन, आत पत्र्याखाली भट्टी. तळहात सोलले, तिने फडकी बांधली. शिडीवर चढून वरून मारायची. लाल रंग बादल्यांनी फेकायची आणि ओला असतानाच खराट्याने ओरबाडायची. दोन ठिकाणी कापड फाटलं, तिने शिवलं नाही. मी मेमध्ये दोन दिवस तिथे जाऊन राहिले. तो दोराचा आवाज मला घरात बसून सहन होईना. बिभीषणची बायको कान झाकून घ्यायची. गावातले लोक दारात येऊन बघायचे आणि विचारायचे, ह्ये काय काढलंय? रुमाना सांगायची, पंकजा. लोक पुन्हा बघायचे. त्यात नाक ना डोळा, झाड ना माणूस. डावीकडे काळ्या वळांचं रान, मध्यावर लाल, घट्ट, वरून खाली सांडलेला, आणि उजवीकडे वीसेक फूट काहीच नाही, नुसता हिरड्याचा पिवळा. तिथे ती दोर घेऊन जायची आणि न मारताच परत यायची.

मी तिथे असतानाच करण आला. बरोबर बनुबाई होती, पण ती बाभळीखाली थांबली, आत आली नाही. वकील त्याला मिटवून घे म्हणत होते, गर्दीत कोण ओळखू येतं म्हणत होते. कोर्टात खरं बोलणार असं ही बाई म्हणाली होती ते खरं का, एवढंच विचारायला तो केडगावहून आला होता. रुमाना म्हणाली, खरं. तो मान हलवून निघाला आणि मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. डावा डोळा नसल्यामुळे त्याला सगळं अंग वळवून बघावं लागत होतं. तो चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला.

“ह्यात मी कुठं हाय?”

“पंकजाचा चेहरा काढायला बसले की तुमचाच येतो,” रुमाना म्हणाली. “म्हणून चेहरे सोडले.”

त्याने एका वळाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, “माझा शर्ट कत्थी नव्हता बाई. चाकलेटी हुता. कंपनीनं दिलेला.”

रुमाना एकदम खाली बसली. चौकटीवर डोकं आपटलं तेव्हाही ती अशी खाली बसली नसेल. सगळं जग चुकलं तरी रंगात आपण चुकत नाही, या एका गोष्टीवर तिचं आयुष्य उभं होतं. त्याच गोष्टीवर तिने ‘हाच’ म्हटलं होतं.

करणने बादलीतला दोर उचलला. “मारू का?”

तिला वाटलं, आपल्याला मारू का असं तो विचारतोय. ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, “मारा.” मी पुढे झाले, पण तिने हाताने मला थांबवलं.

करण तिला वळसा घालून त्या पिवळ्या जागेसमोर गेला आणि त्याने कापडावर दोर मारला. फाउंड्रीतले हात. पत्र्याची भिंत दणाणली. त्याने पुन्हा मारला. मग तो थांबेचना. खिळे उपटून निघाले, कापड वरून सुटून लोंबलं, तरी मारत राहिला. तोंडाने तो ‘कंपनीतून येतोय, कंपनीतून येतोय’ म्हणत होता. बनुबाई पळत आत आली आणि त्याच्या कमरेला मिठी मारून लटकली तेव्हा तो थांबला. आम्ही चौघं तिथे धापा टाकत असताना ते वळ हळूहळू काळे होत गेले. रुमानाच्या सगळ्या वळांपेक्षा ते खोल होते. तिने नंतर त्यांना हात लावला नाही. लोंबलेलं कापड तेवढं पुन्हा ठोकलं.

बिभीषणला हे सगळं आवडत होतं असं नाही, पण बहिणीचं चित्र म्हणून तो पाहुण्यांना ते दाखवायचा. पुढच्या हंगामात त्याने कापूस बाहेर ताडपत्रीखाली ठेवला आणि शेड तशीच राहू दिली. त्याचं बिनसलं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये, खुनाचा खटला उभा राहिल्यावर.

प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार एकटी रुमाना. सरकारी वकिलांनी आरोपीकडे बोट करून विचारलं, चेहरा दिसला नाही तरी अंगलटीवरून सांगा, पेचकस मारणारा हाच का? त्या खोलीत आम्ही सगळे होतो. चेन सापडली होती, बटण जुळलं होतं, तो तोच होता यात आमच्यापैकी कुणालाही शंका नव्हती. रुमाना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“मला सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “मी एकदा असंच सांगितलं होतं.”

कोर्टाबाहेर बिभीषणने तिला सगळ्यांसमोर विचारलं, “ती तुमच्या मांडीवर मेली, आन् तुमाला सांगता येईना?” त्याने तिला मारायला हात उगारला आणि तसाच हवेत धरून ठेवला. मग तो गाडीत बसून निघून गेला. चौथ्या दिवशी ट्रॅक्टरची ट्रॉली सावेडीत आली. तिच्यात ते चित्र होतं, दोराने करकचून बांधलेलं, खिळ्यांसकट भिंतीवरून ओढून काढलेलं, कडा फाटलेल्या, मातीने भरलेलं. ड्रायव्हरने ते इमारतीच्या दारात लोटून दिलं आणि निरोप दिला की शेडमध्ये कापूस भरायचाय.

पुढच्या महिन्यात मारहाणीच्या खटल्यात आरोप वाचून दाखवले. अकरा जण नाकबूल म्हणाले. रुमाना म्हणाली, कबूल. किती वेळा मारलं, असं न्यायाधीशांनी विचारलं नव्हतं, तरी तिने सात सांगितलं. तिला सहा महिने झाले. नोकरी त्याच दिवशी गेली. ती तुरुंगात होती तेव्हा मला तिथली फार माहिती मिळाली नाही, तिने नंतरही दिली नाही. पहिल्या भेटीत तिचा ओठ सुजलेला होता. काय झालं, असं विचारल्यावर तिने विषय बदलला. बाकी अकरांचा खटला अजून चालू आहे. खुनाच्या खटल्याचाही निकाल लागायचा आहे.

चित्र सहा महिने माझ्या जिन्याखाली होतं. कुणाला लावायला द्यावं तर साठ फुटांची भिंत कुणाकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना व्हिडिओतली बाई आठवते. शाळेच्या हॉलसाठी मी विचारून पाहिलं, संस्थेने नाही म्हटलं. शेवटी करणचा फोन आला. एका डोळ्यावर फाउंड्रीत घेत नाहीत, म्हणून तो केडगावजवळ एका गोदामावर वॉचमन झाला आहे. तिथली मागची भिंत मोकळी होती आणि मालकाची हरकत नव्हती. रुमाना सुटून आल्यावर आम्ही ते टेम्पोत घालून नेलं. करणने आणि तिने मिळून लावलं. दोघांत बोलणं असं झालं नाही, ‘वर घ्या’, ‘जरा ताणा’ एवढंच. बनुबाई डबा द्यायला येते तेव्हा फाटकातूनच परत जाते. रुमाना आत असेल तर डबा देऊन बोलतही नाही. तिने माफ केलेलं नाही आणि रुमानानेही ते मागितलेलं नाही.

यंदाच्या जुलैत, पंकजाला जाऊन तीन वर्षं झाली त्या दिवशी, बिभीषणने मला फोन केला. रुमानाचा नंबर त्याच्याकडे आहे, पण त्याने मला केला. पेरणीचं, पावसाचं, माझ्या गुडघ्यांचं बोलला. मग म्हणाला, “बाई, ते कापड हाय का अजून?”

आहे म्हटलं, केडगावला लावलंय.

“कुणी फाडलं-बिडलं न्हाई ना?”

नाही म्हटलं. पलीकडून नुसता ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज येत होता. मी हॅलो म्हटलं तेव्हा त्याने सांगितलं की हाय, ऐकतोय, आणि पत्ता लिहून घेतला.